गेणभाऊंचं उघडं सेशन

सन २००६ च्या जून महिन्यात आमच्या तालुक्यातल्या दाखला कक्षाचं संगणकीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर करण्यात आलं. अर्ज आता टेबलावरून टेबलावर न फिरता स्क्रीनवरून स्क्रीनवर फिरणार होता. ही प्रणाली जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिणारा इसम म्हणजे मी, संघर्ष, राहणार बोरी बुद्रुक. नियम साधा होता. अर्ज उघडला की डेटाबेसशी सेशन, म्हणजे जोडणी, सुरू; काम झालं की बंद. एका वेळी आठ सेशन चालत. कारकून अकरा होते.

पहिल्याच आठवड्यात कारकुनांच्या ध्यानात आलं, की आपण बंद केलं की दुसरा आत घुसतो आणि आपण दिवसभर बाहेर. मग कुणीच बंद करेना. माणूस जेवायला जावो नाहीतर बेल्ह्याच्या बाजाराला, सेशन उघडंच. त्यात एकानं उघडलेल्या अर्जाला दुसऱ्याला हात लावता येत नसे. ही सोय मीच मोठ्या हौसेनं केलेली.

वीज गेल्यावर तरी सुटेल म्हणावं, तर सर्व्हरला खास जनरेटर दिलेला. अख्ख्या तालुक्यात वेळेवर चालू होणारी ती एकच वस्तू होती.

मग मी दहा मिनिटं हालचाल नसेल तर सेशन आपोआप बंद, असं करून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कक्षप्रमुख निर्मला मॅडमनी कागद पुढे केला: 'कर्मचारी विचार करीत असताना सेशन बंद पडते, सबब निर्णयप्रक्रियेत व्यत्यय येतो.'

"मॅडम, दहा मिनिटं विचार?"

"आमच्याकडे सखोल करतात," त्या म्हणाल्या.

दहाची साठ झाली, साठ मिनिटांचा दिवस झाला, आणि शेवटी सेशनची मुदत 'सेवानिवृत्तीपर्यंत, त्या दिवशी कर्मचाऱ्याने स्वहस्ते बंद करावे' अशी लेखी मंजूर झाली. मी ती निमूटपणे टाइप केली. पगार कुणाला नको असतो, राव.

जुलैअखेर गेणभाऊ कारकून निवृत्त झाले. शाल, नारळ, सात भाषणं. त्या गडबडीत ते तसेच टेंपोत बसून निमगाव साव्याला गेले आणि सेशन मागं राहिलं. त्यांनी शेवटचा उघडलेला अर्ज माझ्या चुलतबहिणीचा, यशोधराचा होता. तिचा नर्सिंगला नंबर लागलेला. रहिवासी दाखला शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात दिला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"दादा, तूच केलंय ना हे समदं?" ती म्हणाली. "मग सोडव की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेणभाऊंना फोन केला, तर बिचारे तसेच मोटारसायकलवर आले. "पोरीचं वरीस जायला नगं. आत्ता बंद करतो."

मॅडमनी त्यांना दारातच अडवलं. निवृत्त व्यक्तीला कार्यालयीन संगणकाला हात लावायचा तर पूर्वपरवानगी हवी. परवानगीचा अर्ज प्रणालीतूनच करायचा. आणि प्रणालीत जागा नव्हती.

"मग सर्व्हरच बंद करून सुरू करतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांत आठही सुटतील."

"आठही जणांची लेखी संमती आणा."

सात आणल्या. आठवी गेणभाऊंनी उभ्या उभ्या लिहून दिली.

"तुमची चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आता कर्मचारी नाही."

"मग माझं सेशन कसं काय चालतंय, म्याडम?"

"ते नियमात बसतं."

शुक्रवारी चार वाजता माझं डोकं फिरलं. सगळे चहाला गेलेले बघून मी सर्व्हरचं बटण दाबलं. तो उठला तसं पहिलं सेशन मी धरलं आणि यशोधराचा अर्ज मॅडमच्या स्क्रीनवर ढकलला. चहाहून आल्यावर त्यांनी तो मंजूर केला. समोर आलेला अर्ज मंजूर करायला त्यांची कधीच हरकत नव्हती. साडेचारला दाखला हातात पडला आणि यशोधरा पळत सुटली. पाचला सात कमी असताना तिनं तो कॉलेजात दिला. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीचासुद्धा झाला नव्हता.

आता माझं सेशन बंद करायचं होतं. खिडकीशी वीसेक माणसं कागद घेऊन उभी होती. मी माउसवर हात ठेवला. मग आठवलं, यशोधराचा भाऊ धम्मपाल पुढच्या वर्षी बारावीला आहे. हात काढून घेतला.

याला दोन वर्षं झाली. खिडकीवरची माणसं आता सात सेशनवर भागवतात. तुम्हाला माझा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. रीतसर तक्रार करा, माझाच फोन नंबर देतो. ही हकीगत ऐकून चिडलेल्या एकवीस जणांनी तो घेतला आणि एकवीसही जणांनी फोन केला. प्रत्येकाचा एक दाखला अडकलेला होता.