एकनाथरावांची अकरा मिनिटं

बारामती-इंदापूर एसटीत एकनाथराव नेहमी दोन तिकिटं काढतात. एक स्वतःचं, एक चेलोचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. पेटीत घातला की जवळजवळ माणसाएवढा दिसतो. एकनाथराव त्याला खिडकीची जागा देतात, स्वतः कडेला बसतात आणि वळण आलं की त्याच्या पोटावर हात ठेवतात.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा कंडक्टरने पेटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आबा, ही बाई हाय का बापय? बाई आसंल तर हाप तिकीट बसंल."

"बापय हाय," एकनाथराव म्हणाले.

"वय?"

"एकशे वीसच्या आसपास."

"मग फुकाट की! पंच्याहत्तरच्या म्होरं फुकाट हाय. पर आधार कार्ड दावावं लागंल."

सगळी गाडी हसली. एकनाथराव हसले नाहीत. "आधार कार्ड न्हाय त्याच्याकडं. पुरं तिकीट द्या," ते म्हणाले. मी मागच्या सीटवर बसून बाहेरचा ऊस बघत राहिले, जणू यांच्याबरोबर मी आलेच नव्हते.

मी निवृत्त गणिताची शिक्षिका. तीस वर्षं बारामतीतल्या पोरांना अपूर्णांक शिकवले. एकनाथराव शेजारी राहायला आले त्याला सहा वर्षं झाली. वय त्र्याहत्तर, अंगाने शिडशिडीत, पांढरा लेंगा-सदरा आणि पायात मात्र पॉलिश केलेले काळे बूट. पन्नासहून जास्त वर्षं मुंबईत काढली, जर्मनीत दोनदा वाजवून आले, तरी बोलणं शेळगावचं ते शेळगावचंच. लग्न केलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी आगाऊपणे कारण विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊनच गेलं, बाई."

त्यांचं एक पालुपद आहे: "सुरू झालं की थांबवायचं न्हाय." हे ते गाण्याबद्दल म्हणत असतील असं तुम्हाला वाटेल. ते सगळ्याबद्दल म्हणतात. रिक्षात गाणं लागलेलं असलं तर घर आलं तरी उतरत नाहीत. गाणं संपेपर्यंत रिक्षावाला आणि ते, दोघं फाटकाशी बसून राहतात. एकदा माझ्या कुकरची शिट्टी सुरू झाली आणि मी उलथन्याने ती दाबली, तर भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, पुरी हू द्या की तिला!" त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं असतात. कावळा पिंडाला शिवायची वाट बघत माणसं नदीकाठी बसतात आणि तालुक्यातले झाडून सगळे पुढारी श्रद्धांजली वाहतात. ऊन चढतं, माइकवाला घाईला येतो आणि "वेळेअभावी दोनच शब्द" म्हणतो. की एकनाथराव उठलेच. "बोलू द्या त्यांला पुरं. सुरू झालंय न्हवं?" त्यामुळे तालुक्यात जेवढे म्हणून लांबण लावणारे वक्ते आहेत ते एकनाथरावांना फार मानतात. बाकीची माणसं त्यांना पाहिलं की आधी सावली धरतात.

हा माणूस चेलोपर्यंत कसा पोचला, ते ऐकण्यासारखं आहे. शेळगावात त्यांचे वडील, तुकातात्या, लग्नात बँड वाजवायचे. क्लॅरिनेट. एकनाथ अकरा वर्षांचा झाला तेव्हा तात्यांनी त्याला मुंबईला मामाकडे धाडलं. "उभ्यानं वाजवणाऱ्याला कुनीबी थांबिवतं," तात्या म्हणाले होते. "तू बसून वाजवायचं काय तर शिक." मामाच्या घराजवळ गोव्याकडचे एक वयस्कर मास्तर चेलो शिकवायचे. पोराने दारातूनच विचारलं, "ह्ये बसून वाजिवत्यात का?" मास्तर हो म्हणाले. तेवढ्यावर आयुष्य ठरलं.

पुढे वीस-बावीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांमागे चेलो वाजवला. ते काम यंत्रांनी घेतलं तोवर ते पाश्चात्त्य संगीताच्या एका मोठ्या वाद्यवृंदात शेवटच्या खुर्चीवर बसू लागले होते. शेवटच्या खुर्चीवरून पहिल्या खुर्चीवर यायला बारा वर्षं लागली. मग एकदा ऐन कार्यक्रमाच्या दिवशी वाद्यवृंद चालवणाऱ्या साहेबांना ताप भरला. साठ वादक बसलेले, हॉल भरलेला. कुणीतरी म्हणालं, एकनाथला सगळ्यांचे वाजवायचे कागद पाठ आहेत. ते छडी घेऊन समोर उभे राहिले, ते पुढची पंधरा-सोळा वर्षं. "तात्यानं बसायला धाडलं," ते मला म्हणाले, "आन् मी परत उभाच!" हे सांगताना मात्र ते हसले.

इकडे आल्यावर गप्प बसले असते तर ते एकनाथराव कसले. त्यांनी इंदापुरात वाद्यवृंद जमवला. क्लासात व्हायोलिन शिकणाऱ्या पाच मुली, दोन बँड पार्ट्यांमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले, भजनी मंडळाची पेटी, बासरी वाजवणारी एक नर्स. तालमीला मंगल कार्यालय मिळायचं, पण लग्नाची तिथी नसेल त्याच रविवारी. परदेशात टाळ्या घेतलेला माणूस पंचांग उघडून मुहूर्त नसलेले दिवस शोधत बसायचा, आणि दाट लग्नतिथी आल्या की त्याचा चेहरा उतरायचा.

मला त्यांनी झांजा दिल्या. मी म्हटलं, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. "पर तुमाला मोजता येतं," ते म्हणाले. बसवायची रचना एकच, अकरा मिनिटांची. तीत मला झांज एकदाच वाजवायची होती. त्याआधी चौसष्ट वेळा आठ मोजायचे. मी तीस वर्षांत एवढ्या काळजीने काही मोजलं नसेल.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मला, एक शिक्षिका म्हणून, मान्य करावी लागली. हळू म्हणजे किती हळू, असं व्हायोलिनच्या मुलीने विचारलं, तर म्हणाले, "श्येजारच्या खोलीत बाळंतीण निजलीय, येवढं." आवाज वाढवत कसा न्यायचा? "उसाचा ट्रॅक्टर टेप लावून लांबनं येतुया, तसं." बँडवाल्यांना हे लगेच समजायचं. कुणी चुकलं तरी ते तालीम थांबवत नसत. चूक घेऊनच शेवटाकडे जात आणि संपल्यावर सांगत.

एका तालमीनंतर चहा पिताना मी विचारलं, ही रचना कुणाची?

"तात्याची चाल हाय," ते म्हणाले. "सोता बांधलेली. मी नुसती समद्यास्नी वाटून दिली. तात्या लग्नात सुरू करायचा आन् अर्ध्यात आली की कुनीतरी हात वर करायचं. मुहूर्त आला, बंद. पाव्हणं आलं, बंद. न्हायतर सिनेमातलं वाजवा. माझ्या देखत ती कदी पुरी झाली न्हाय, बाई. मला मुंबईला धाडलं त्या दिशी स्टँडवर त्यानं शेवट गुणगुणून दावला. म्हनला, ध्यानात ठेव. म्होरल्या वर्षी गेला. मला कळलं तवर समदं उरकलं हुतं."

म्हणजे त्या चालीचा शेवट साठ वर्षं जगात एकाच माणसाला माहीत होता. ती इथे, याच भागात, माणसांसमोर एकदा न थांबता शेवटापर्यंत जावी, एवढंच त्यांना हवं होतं. मी कप विसळायला उठले.

आणि कार्यक्रम ठरला. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा तिकडे जायचं असतं. बावड्याच्या बाजूला एका वाचनालयाचा रौप्यमहोत्सव होता. सगळी व्यवस्था माझ्या संतोष नावाच्या जुन्या विद्यार्थ्याकडे होती. "बाई, पाव्हणं येस्तवर वाजवा की निवांत," तो म्हणाला आणि मी एकनाथरावांकडे बघितलं.

आमच्याकडे पाहुणे आले की चालू असेल ते थांबतं. आधी शाल, श्रीफळ, फेटा, मग बाकीचं. भाषण थांबतं, भजन थांबतं. एका नाटकात मरायला टेकलेला नायक उठून सत्काराला टाळ्या वाजवताना मी स्वतः पाहिला आहे. सत्कार उरकल्यावर तो पुन्हा आडवा झाला आणि मेला. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट न थांबणं हाच पाहुण्यांचा अपमान.

एकनाथरावांनी संतोषचे दोन्ही हात धरले. "अकरा मिन्टं. कुनीबी आलं तरी."

"शबुद देतो, आबा."

संतोषचा शब्द म्हणजे काय, हे त्याच्या गृहपाठाच्या वह्या तपासलेल्या माणसाला विचारा.

सकाळी अकराला आम्ही सुरू केलं. मांडव भरलेला होता, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. तात्यांची चाल हळूच क्लॅरिनेटवर उमटली, मग व्हायोलिनच्या मुलींनी ती उचलली. एकनाथराव छडी घेऊन उभे होते आणि मी मनात मोजत होते. सातव्या मिनिटाला बाहेर फटाक्यांची माळ लागली. गाड्या थांबल्या, धूळ आत आली, पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. संतोष शाल-श्रीफळाचं ताट घेऊन स्टेजवर चढला.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला वाटलं, पाहुण्यांच्या हस्ते आबांचाच सत्कार आधी करावा. त्याने वाजवणं चालू असतानाच एकनाथरावांच्या खांद्यावर शाल टाकली आणि हवेत असलेल्या त्यांच्या डाव्या हातात नारळ द्यायला बघू लागला. माइकवर म्हणाला, "थोडा वेळ संगीत थांबवून..." एकनाथरावांची छडी थांबली नाही. पण त्यांनी डोळे मिटून घेतले. ट्रम्पेटवाल्याने वाद्य तोंडापासून खाली घेतलं. लग्नातली सवय, हात दिसला की थांबायचं. त्याच्या शेजारचाही थांबला. चाल पातळ होत गेली.

मी एकावन्नवर होते. मी उठले.

"संतोष, खाली बस!"

हा आवाज मी निवृत्त झाल्यापासून काढला नव्हता. संतोष नारळासकट स्टेजच्या पायरीवर बसला. उभ्या राहिलेल्या दोन रांगा बसल्या. फटाके लावणारा बसला. आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी हा सगळा थाट होता, तेही मिळेल त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ट्रम्पेटवाल्याने माझ्याकडे बघत घाईघाईने वाद्य तोंडाला लावलं.

या भानगडीत माझा आकडा गेला. साठ झाले की पासष्ट, देवाला ठाऊक. एकनाथरावांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि भुवया उचलल्या, तेव्हा मी झांज मारली. दोन मात्रा उशिरा पडली, असं नंतर क्लॅरिनेटवाल्याने मला ऐकवलं. पण चाल पुढे गेली. जिथे ती नेहमी मोडली जायची त्याच्या पुढे गेली, एकदा वर चढली आणि मग सावकाश, कुणाचा हात आडवा न येता, संपली.

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे माझ्या भीतीने कुणाला ठरवता येईना. त्या शांततेत बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला.

"आगं बया, म्होरं आसं हाय व्हय!"

मग सगळे हसले, टाळ्या झाल्या, पाहुण्यांना फेटा बांधायला संतोष धावला. एकनाथराव मात्र खांद्यावरची शाल तशीच घेऊन खाली उतरले आणि त्या बाईंच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. मीही मागोमाग गेले. त्या ऐंशीच्या आसपासच्या होत्या. त्याच गावात नांदायला आलेल्या.

"आक्का, तुमी ही चाल कुठं ऐकली?"

"माझ्या लग्नात की. हितंच. शेळगावचा बँड हुता. मामंजींनी मुहूर्ताला थांबिवला. म्होरं काय आसंल, म्होरं काय आसंल, लई दिस डोस्क्यात ऱ्हायलं हुतं."

"वाजवणारा बगितला हुता?"

"बगितला की, मांडवात जाताना. उंच, गालाव देवीचं वण."

एकनाथरावांनी मान हलवली. "कुठं उभा हुता?"

"उनात," त्या म्हणाल्या. "मांडव पाव्हण्यांला हुता."

स्टेजवर नावं पुकारली जात होती. एकनाथरावांनी खांद्यावरची शाल सावरली. मग आपल्या माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "जेवून गेला का?"

आक्कांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. वण नव्हते, पण उंची होती. त्यांना काय ओळखायचं ते त्यांनी ओळखलं असावं.

"जेवला की," त्या म्हणाल्या. "मामंजींनी सोता पंगतीला बशिवलं. लापशी दोन बार घेतली. चांगला पोटभर जेवला."

खोटं बोलणारं पोर मी तोंडावरून ओळखते. पंगतीच्या वेळी नवरी आतल्या खोलीत मान खाली घालून बसलेली असते. बाहेर बँडवाल्याच्या पानात कोण काय वाढतं, हे तिला कुठून दिसणार? आणि ज्याला मांडवात उभं केलं नाही, त्याला पंगतीत कोण बसवणार? एकनाथरावांनाही हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"मग बरं झालं, आक्का," ते म्हणाले. शालीचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. "लई वर्सं इचारायचं हुतं. पर इचारावं कुनाला?"