कानातली सवत

मशीन आलं शुक्रवारी, आणि त्याच संध्याकाळी खतिजाची टेंपोतली जागा गेली.

मशीन म्हणजे काय, तर चिंचेच्या बोटकाएवढं काळं प्लॅस्टिक. कानामागे अडकवायचं. गाडी चालवणाऱ्याला पेंग आली, मान पुढे झुकली, की ते कानातच असं किंचाळायचं की झोपेच्या सात पिढ्या जाग्या व्हाव्यात. मुलगा अरीब दुबईत ट्रेलर चालवायचा. तिकडच्या ड्रायव्हरांच्या कानांवर ते बघून त्याने अब्बांसाठी एक घेतलं आणि गावी येणाऱ्या माणसाबरोबर धाडून दिलं. वर फोनही केला.

"अब्बा, आता तुम्हाला डुलकी येणारच नाय. अम्मीला उगाच घाटातून फिरवू नका. तिला घरी आराम करू दे."

फोन गफूरच्या कानाला होता, पण त्याच्या दुसऱ्या बाजूला खतिजाचाही कान चिकटलेला होता. 'आराम' हा शब्द तिने ऐकला आणि कान झटकन मागे घेतला.

गफूर मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी भरून टेंपो कोल्हापूरला न्यायचा. निघायचा दुपारी, जेवून. पोटात भात-कालवण, समोर तापलेला रस्ता आणि इंजिनाची अंगाईसारखी घरघर. काही वर्षांपूर्वी पालीच्या पुढे त्याचा डोळा लागला आणि टेंपो शेताच्या बांधावर चढून बसला. गफूरला खरचटलंही नाही, पण मेलेली पापलेटं भाताच्या चिखलात पुन्हा पोहायला लागली. त्या दिवसापासून खतिजा शेजारच्या सीटवर बसू लागली. काम एकच, बोलत राहायचं. बंदर सोडलं की शेजारपाजार, मग चुलतबहीण इफ्फतच्या लग्नाची गोष्ट, आणि घाट लागला की गाणं.

आंबा घाट चढून टेंपो वरच्या टपरीशी चहाला थांबला, की ती म्हणायची, "बोलून बोलून घसा कोरडा पडला बघा माझा. पण ठेवलं की नाय जागं?"

गफूर मान डोलवायचा. तो मानेनेच जास्त बोलायचा. "ठेवलंस गो," एवढंच काय ते तोंडाने.

घरात सगळी तिला अम्मी म्हणायची, शेजारी खतिजाबी म्हणायची. पण रस्त्याच्या त्या लांबलचक तुकड्यावर ती गफूरला मुठीत घेऊन जाणारी बाई असायची. ते आता एका चिंचेच्या बोटकाने काढून घेतलं होतं.

संध्याकाळी गफूर मशीन लावूनच जेवायला बसला. मुलाने पाठवलेली वस्तू, काढवेना. काटा बघायला तो ताटावर वाकला, आणि 'टीं टीं टीं!' घास उडाला. तो मान ताठ करून जेवू लागला तर कालवण हनुवटीवरून सदऱ्यावर.

"बोलली बघा तुमची ती," खतिजा म्हणाली.

"कोण ती?"

"माझी सवत."

"सवत कसली गो, मशीन हाय."

"कानाशी लागून बसलीय, सुखाने जेवू देत नाय, खाली बघू देत नाय. मग ती कोण, माझी नणंद?"

दुसऱ्या दिवशी सवत बंदरावर गेली. मिरकरवाड्याच्या लिलावात एवढा गलका असतो की बोली तोंडाने लागत नाही, मानेने लागते. लिलाव पुकारणारा आत्माराम ढिगापाशी उभा राहून आकडा ओरडतो, आणि ज्याची मान हलेल त्याच्यावर आकडा चढतो. गफूर टेंपो भरेपर्यंत नुसता बघत उभा राहायचा. कधीमधी घरच्या कालवणापुरती मान हलवायचा, म्हणून आत्मारामला त्याची मान ओळखीची होती.

त्या दिवशी तारलीचा भलामोठा ढीग पडला होता. ताजी आहे का ते बघायला गफूर जरा वाकला. टीं टीं टीं! सगळं बंदर वळून बघायला लागलं. आत्मारामने बोट दाखवलं, "गफूरभाय!"

"नाय नाय, काय नाय," म्हणत गफूर मशीन चाचपायला लागला. चाचपताना मान खाली. टीं टीं!

"वाढवले गफूरभायने!"

गफूर घाबरला. आता आपण गप्प व्हावं, एवढं त्याला सुचलं. पण गप्प होणं म्हणजे त्याच्या लेखी मान डोलावून 'बरं बाबा' म्हणणं. मान डोलली. मशीन ओरडलं. आत्मारामने आकडा चढवला. समोर दुसरं कोणीही गिऱ्हाईक नव्हतं. गफूर स्वतःच्याच बोलीवर स्वतःच चढत चालला होता. शेवटी कोणीतरी त्याची हनुवटी हाताने वर धरली, तेव्हा लिलाव सुटला.

"अरे आत्माराम, मी बोली नाय लावली!"

"मान कोणाची हलली?"

"माझीच."

"मग? मशिनीची बोली असती तर मशिनीच्या घरी पाठवली असती तारली."

तारली गफूरच्याच घरी आली. टपांवर टप. खतिजाने ओट्यावर बसून सगळ्या मोहल्ल्यात तारल्या वाटल्या. उरलेल्या साफ करता करता म्हणाली, "सवत नांदायला आली, पण आहेर झकास घेऊन आली हो." बोलताना तिला हसू येत होतं. मात्र मंगळवारी कोल्हापूरची खेप लागली आणि गफूर तिला न घेता निघाला, तेव्हा हसू आलं नाही.

त्या दुपारी तिला घरात काही सुचेना. आता हातखंबा आला असेल, आता पाली. इफ्फतच्या लग्नाची गोष्ट कोणाला सांगावी? समोर कोंबडी होती, तिला सांगितली. ती दाणे टिपून निघून गेली. घाटाची वेळ झाली तशी खतिजा तांदूळ निवडता निवडता गाऊ लागली,

"आंब्याच्या घाटामंदी ऊनसावली खेळते,
धनी माझा गाडीवान, वाट तयाला वळते."

गाणं सुपात पडून राहिलं.

गफूर परतला तो डोळे लाल करून. पाय धुता धुता म्हणाला, "हातखंब्यापासून ओरडतेय. साखरप्याला तर गाडी बाजूला घेऊन पडलोच मी. कान बधिर झाला."

"का ओ? जागं ठेवायलाच आलीय ना ती?"

गफूरने मान डोलवली, टीं झालं, आणि त्याने ते उपटून खिशात घातलं. "पुढच्या खेपेला तू चल गो."

"सवतीला न्या."

"दोघी चला."

खतिजाला तेवढंच हवं होतं. पण तिने आधी भांडी आपटली, मग ओढणी झटकली, आणि शेवटी "अरीब विचारील म्हणून हो" असं म्हणत तयार झाली.

टेंपो बंदर सोडून निघाला. गफूरचा कान सुजला होता, म्हणून तो म्हणाला, "जरा वेळ तूच ठेव तुझ्याकडे." खतिजाने ते उलटसुलट बघितलं. सवतीचा तोरा तरी कळू दे, म्हणून स्वतःच्या कानामागे अडकवलं, वरून ओढणी घेतली आणि सुरू झाली, "तर इफ्फतच्या लग्नात काय झालं ठावं हाय? नवऱ्याकडची माणसं आली, आणि जेवणं मांडली, आणि बघतात तर..."

टीं टीं टीं!

"अहो! झोपलात!" खतिजा ओरडली.

"नाय गो. जागा हाय मी."

"मग ही का बोंबलली?"

गफूर रस्त्याकडे बघत राहिला. खतिजा पुन्हा लागली, "बघतात तर काय, बिर्याणीचं..." आणि पुन्हा टीं टीं टीं! या वेळी तिने डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं गफूरच्या खांद्यावर होतं, आणि हातखंबा केव्हाच मागे गेला होता.

ती सावकाश सरळ झाली. "मी झोपते?"

गफूरने मान डोलवली.

"रोज?"

"हातखंब्याला."

"आणि इफ्फतच्या लग्नाची गोष्ट?"

"ती माणसं ताटं मांडून बसलीयत ती बसलीयत. एवढ्या वर्षांत घास कोणाच्या तोंडात गेला नाय."

"घाटात मी गाते!"

"स्वप्नात गात असशील गो."

खतिजाला आपला कोरडा घसा आठवला. तोंड उघडं टाकून झोपलेल्या बाईचा घसा! ती खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच बाहेर बघत म्हणाली, "मग जागं कोण ठेवतं तुम्हाला?"

"तूच की. तुझं डोकं खांद्यावर आलं की माझी झोप उडते. खड्डा चुकवायचा, ब्रेक हळू दाबायचा. गिअर टाकताना खांदा हलू द्यायचा नाय, नुसतं मनगट फिरवायचं. एवढ्या कामात झोपायला वेळ कुठला?"

"सांगितलं का नाय कधी?"

"सांगितलं असतं तर जागी राहिली असतीस. मग झोपलो असतो ना मी."

खतिजाने मशीन कानामागून काढलं आणि समोरच्या कप्प्यात टाकून झाकण लावलं. घाट सुरू झाला. आज तिला झोप येईना. मन लख्ख जागं होतं. तरी तिने डोळे मिटले, आणि डोकं बेताने, झोपेत कलंडावं तसं, त्याच्या खांद्यावर ठेवलं. खांदा क्षणात स्थिर झाला. गाडीचा वेग उतरला. पहिल्या वळणावर कप्प्यातली सवत चिरकली, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग मिटल्या डोळ्यांनी, ओठ हलले न हलले असे, खतिजा गुणगुणू लागली,

"आंब्याच्या घाटामंदी ऊनसावली खेळते..."

"अगो बाई," गफूर स्वतःशीच पुटपुटला, "खरंच गाते की झोपेत." आणि तिला जाग येऊ नये म्हणून त्याने पुढचा खड्डा कधी नव्हे इतक्या हळुवारपणे चुकवला.