‘पुसून टाक’ रुसलं

सोमवारी सकाळी ‘पुसून टाक’ या आज्ञेचं मदतपान रुसून निघून गेलं आणि सांगलीतल्या त्या संगणक कंपनीत कुणालाच काही पुसता येईना.

जाणारच की! प्रत्येक आज्ञेचं काम समजावणारं एक पान असतं आणि त्याच्या तळाशी ‘हेही पाहा’ म्हणून भावकीतल्या आज्ञांची नावं. ती तपासून दुरुस्त करायची नोकरी उज्ज्वला बेहेरे यांची. ‘नवीन फाइल’चं पान नुकतंच तयार झालेलं, अन् तळाशी बघतात तर ‘पुसून टाक’! लेकराच्या बारशाला हे नाव कशाला, म्हणून बाईंनी ते गुपचूप काढलं. झालं! ‘पुसून टाक’च्या पानाने तोंड फुगवलं.

दुपारपर्यंत यंत्रं तुडुंब भरली. टेबलांच्या खणांतून जुन्या फायली बाहेर यायला लागल्या. मिरीकर साहेब त्या पायाने सरकवत म्हणाले, “बेहेरेबाई, संध्याकाळपर्यंत पान परत आणा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

बाईंना रडूच कोसळलं. घरात मिळवत्या त्या एकट्याच. डोळे पुसून, मानाचा नारळ घेऊन त्या पानाची समजूत काढायला निघाल्या.

पान एसटी स्टँडच्या उपाहारगृहात भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. पुढ्यातला चहा गार झालेला.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. “चला परत.”

“कशाला? शुभकार्याला आम्ही नको. अडलं की मात्र आठवण!”

“पुन्हा नाव घालते ना.”

“त्या ‘नवीन’च्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. आपणहून जो बोलावेल, त्याच्याकडे जाईन.”

बाईंनी तिथूनच एकेका आज्ञेला फोन लावला. ‘नक्कल कर’कडे जागा नव्हती. ‘शोध’ म्हणालं, ऐकू येत नाही. ‘जपून ठेव’ने तर फोनच ठेवला. पान खाली मान घालून ऐकत होतं. बाईंना फार वाईट वाटलं हो.

“माझ्या पानावर या,” त्या म्हणाल्या. कंपनीत माणसांचीही पानं होतीच.

“तुमच्या घरचे काय म्हणतील?”

“म्हणू देत काय म्हणायचं ते.”

पानाने गार चहा एका घोटात संपवला आणि नारळ उचलला.

मंगळवारी सगळ्यांना सगळं पुसता यायला लागलं. साहेबांनी पेढे वाटले. एकाने नाव घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायचं, ही तिथली रीत. म्हणून ‘पुसून टाक’च्या तळाशीही उज्ज्वला बेहेरे हे नाव आलं. पान दिवसभर जो भेटेल त्याला ते दाखवत फिरलं.

बुधवारी बाई आल्या तर टेबलावरच्या त्यांच्या पाटीवर नुसतं ‘उज्ज्व’ उरलं होतं. शेजारच्या खुर्चीत पान ओशाळून बसलेलं.

“हात लागला,” ते म्हणालं. “जन्माची सवय हो.”

“असू दे.”

“अहो उज्ज्व,” साहेबांनी आतून हाक मारली, “जरा या बरं!”

“आले,” म्हणत बाई उठल्या. पानही उठून त्यांच्या मागोमाग निघालं.