मामाची दारातली परीक्षा

बाबा गेले त्या सकाळी आई हसली.

दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला होता. तेव्हापासून रडू आलं की तिला हसू फुटे, आणि ते थांबवणं तिच्या हाती नसे. हे लोकांना समजावण्याचं काम मामाने अंगावर घेतलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, जन्म विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढला. निवृत्त होताना तिथली जुनी कार्डं घेऊन आला. हसऱ्या चेहऱ्यावर ‘दुःख’ लिहिलेलं, रडक्यावर ‘आनंद’. भेटेल त्याला दाखवायचा. “शब्द वाचू नका, चेहरा सांगा. चटकन!” लग्नाआधी माझ्या बहिणीला बघायला आलेली मंडळीही यातून सुटली नव्हती. स्वतः मात्र फोटोतसुद्धा हसत नसे. “उगाच दात कशाला दाखवायचे?”

आता तो दारात स्टूल टाकून बसला. समाचाराला येणाऱ्याने आधी परीक्षा द्यायची.

“दुःख,” शेजारचे मिसिरजी म्हणाले.

“फेल! चेहरा तो हँस रहा है, महाराज.”

“मामाजी, हम अफसोस करने आए हैं कि इम्तहान देने?”

“आपके तार साबुत हैं, फिर भी गड़बड़ा गए. दीदी के तो टूट गए हैं.” मग तो समजावी: मेंदूत भावना एकीकडे, तिला आवरणारा दुसरीकडे, मधला निरोपच पोचत नाही. आत दुःखच आहे. “जाइए, अब मिलिए.”

नवव्या दिवशी चुलतकाका म्हणाले, “वहिनींना उद्या घाटावर नको. चारचौघांत हसल्या तर?”

“नवरा तिचा गेलाय,” मामा म्हणाला, “तुमची अब्रू नाही.”

दोन नावाड्यांच्या मदतीने खुर्चीत बसवून आम्ही तिला गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरवल्या. मी पिंड ठेवला आणि आई हसू लागली. मोठ्याने. गुरुजी मंत्रात अडखळले. होडीतले यात्रेकरू वळून पाहू लागले. काकांनी मान खाली घातली.

मामा तिच्याजवळ ओल्या पायरीवर बसला.

“हस, ताई. मी आहे.”

आणि तोही हसू लागला, तिच्याहून मोठ्याने. सवय नव्हती, मधेच ठसका लागला, तरी थांबला नाही. लोक आईला सोडून त्याच्याकडे बघू लागले. त्याचे गाल भिजले होते.

मामा नंतर आपल्या खोलीवर परत गेला नाही. बाबांच्या खाटेवर झोपतो, आईला दोन्ही वेळा भरवतो. घरात आता आम्ही तिघं आहोत.