जुन्या वाणाचे दोष

श्रीगजाननास वंदन करून एक हकिकत निवेदन करतो. निमित्त आहे आमचे जालन्यातील शेजारी भगवानराव यांच्या नव्या गेमिंग यंत्राच्या पूजनाचे.

अडुसष्टाव्या वर्षी हे गृहस्थ टीव्हीसमोर मांडी घालून मोटारी पळवतात. जन्मभर त्यांनी बियाणे कंपनीत उगवण तपासली. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळायचे, मोड मोजायचे. त्यामुळे जगातील प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी एक वाण. मला म्हणतात, "गुरुजी, तुमचा वाण जुना, पण अजून कीड न्हाई लागली."

उन्हाळ्यात त्यांचे जुने यंत्र फार तापू लागले. एका रविवारी सकाळी गेलो, तर यंत्राला चिंब भिजवलेले गोणपाट गुंडाळलेले. मी दारातूनच ओरडलो.

"अहो, आत वीज आहे."

"तापून राह्यलं ते. दाण्याला चालतं, मंग याला काय धाड भरली?"

तेवढ्यात धूर निघाला, यंत्रातला पंखाही थांबला. भगवानरावांनी निकाल दिला, "उगवण संपली."

नवे यंत्र आले तेव्हा मला पूजेस पाचारण झाले. पाटावर नवे यंत्र आणि त्याच्या शेजारी तेच जळके कलेवर. मी हबकलो. असा पूजाविधी कोणत्याही पोथीत नाही.

"असू द्या. पडलेल्या वाणावरूनच पुढचा सुधरतो," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडून जुन्याचे दोष नव्या यंत्राला वाचून दाखवू लागले, "जल्दी तापतं. सुरू व्हायला उशीर लावतं. डाव संपला की बंद पडतं."

"डाव संपल्यावर बंद पडले, तर बिघडले कुठे?"

त्यांचा आवाज खाली आला. "सगळ्यात मोठा दोष तोच, गुरुजी. लेक कॅनडात एकटी. फोनवर 'जेवलात का बाबा' च्या पुढं बोलणं जात न्हाई. रविवारी आम्ही संगं खेळतो. मला हरवलं की ती खुशीत येते, मंग यातूनच बोलत राहते. ऑफिसचं, सैपाकाचं. नेमकं तवाच हे बंद पडायचं. आता तर तीन रविवार झाले, तिचं तसं बोलणं न्हाई."

"म्हणजे आपण मुद्दाम हरता?"

"पहिलं वर्ष खरंच हरलो. मुद्दाम हरायला नंतर शिकलो."

पूजा आटोपून त्यांनी यंत्र सुरू केले. पडद्यावर दोन मोटारी निघाल्या, एक त्यांची, एक लेकीची. अगदी शेवटच्या वळणावर भगवानरावांनी आपली सरळ भिंतीवर घातली.

"बाबा, काय हे, समोर भिंत दिसत नाही का?" यंत्रातून हसू ऐकू आले, आणि मग, "बरं ऐका ना, काल काय झालं..."

भगवानरावांनी हातातील रिमोटसारखे खेळणे खाली ठेवले आणि यंत्राच्या जवळ सरकून बसले. मी हळूच बाहेर पडलो.

वाचकहो, आपल्या घरातील दूर गेलेल्या माणसांना मनातले बोलावेसे वाटो, आणि ते ऐकण्यास आपल्या घरी सदैव कोणी निवांत बसलेले असो. तो मंगलमूर्ती आपणा सर्वांचे रक्षण करो.