बोअरचे पाइप आभाळात

त्रिंबकरावांनी गच्चीवर मनोरा उभा करायचं ठरवलं त्याला कारण काही फार मोठं नव्हतं. अजिंठ्याला राहणाऱ्या बन्सीशी चार शब्द बोलायचे, एवढंच. आता बन्सीशी फोनवर बोलता येत होतंच. रोज बोलतही होते. पण हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी बोलायचा, परवाना खिशात आला की माणसाला फोन हातात धरायची लाज वाटायला लागते.

"फोनवर कोणीबी बोलतं," ते म्हणाले.

"आन मनोऱ्यावरून काय निराळं बोलणार हाय? गुडघे दुखतेत तेच ना?" राजाबाईंनी विचारलं.

चाळीसहून जास्त वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं बोलणं आधीच कळतं. पण हे वेड तिच्याही आधीचं होतं. फुलंब्रीच्या ग्रामपंचायतीत एक रेडिओ होता, लाकडी पेटीत, कुलूप घातलेला. संध्याकाळी शिपाई कुलूप काढायचा आणि ओट्यावर सगळं गाव जमायचं. बन्सी आणि त्रिंबक पेटीला नाक लावून बसायचे. बन्सी म्हणायचा, आत माणूस आहे. त्रिंबक म्हणायचा, नाही. एकदा दोघांनी पेटी उघडून बघितली. (आत माणूस नव्हता. पण पेटी परत बंद होईना, आणि बाहेर शिपाई होता.) मार खाऊन घरी जाताना दोघांनी ठरवलं की एक दिवस असल्याच पेटीतून आपण एकमेकांशी बोलायचं.

त्यानंतर आयुष्य मधे आलं. त्रिंबकराव चितेगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले, बन्सीनं अजिंठ्यात दुकान टाकलं. दोघं निवृत्त झाले तेव्हा एकत्र अभ्यास करून परवान्याच्या परीक्षेला बसले. बन्सी पास झाला. त्रिंबकरावही झाले. (दुसऱ्या वेळी. पण परवान्यावर ते लिहिलेलं नसतं.)

मनोऱ्याला लोखंड लागतं. फुलंब्रीच्या शेतातला बोअर आटून गेला होता, त्याचे पाइप त्यांनी वर काढले, टेम्पोत घातले आणि शहरातल्या घरी आणले. जन्मभर जमिनीत उभे राहिलेले पाइप आता आभाळात उभे राहणार होते. नियमाचं म्हणाल तर त्रिंबकराव तसे कायद्याचे पक्के. विमानतळाचा नियम वाचला, महापालिकेचा वाचला, शेजाऱ्यांची हरकत नाही ना तेही विचारून झालं. फक्त एक नियम राहिला: मध्यम लहरीच्या रेडिओ केंद्राजवळ उंच लोखंड उभं करायचं तर आधी केंद्राला विचारायचं. तो नियम शेवटच्या पानावर होता, आणि शेवटचं पान येईपर्यंत राजाबाईंनी चष्मा मागून घेतला होता. तांदूळ निवडायचे होते, आणि त्या घरात दोघांत चालणारा चष्मा एकच.

केंद्र कुठं होतं? गच्चीवर उभं राहिलं की समोर. लालपांढरा मनोरा, एवढा जवळ की त्याच्यावर बसलेला कावळा ओळखू यावा. त्रिंबकराव तीस वर्षं त्याच्याकडं प्रेमानं बघत आले होते. विचारायचं मात्र सुचलं नाही.

मनोरा उभा राहिला. राजाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लगेच कपडे वाळत घालायची तार त्याच्या कमरेला बांधली. दुसरं टोक पत्र्याच्या शेडच्या गंजक्या हुकात अडकवलं.

"अगं, तो एरियल हाय."

"असू द्या. उभाच हाय तर दोन साड्या वाळवंल."

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. रेडिओवर सांगितलं की जुन्या ध्वनिफिती पुन्हा लावणार, रविवारी सकाळी फुलंब्रीकडच्या जात्यावरच्या ओव्या. राजाबाई हातातलं लाटणं ठेवून बसल्या. त्या ओव्या त्यांच्याच. त्यांच्या आणि थोरल्या बहिणीच्या, चतुराबाईच्या. लग्नाआधी एकदा केंद्राची जीप दारात आली होती, साहेबानं जात्यापाशी यंत्र ठेवलं आणि म्हणाला, गा. दोघी घाबरल्या. मग चतुराबाईनं घाबरून घाबरून तिथंच जुळवलं:

जीप आली गं दारात, तार लागली जात्याला,
साहेब म्हणे गा गं बाई, पीठ लागलं हाताला.

साहेब हसला आणि मग दोघी सुटल्याच. पण रेडिओवर ते लागलं त्या दिवशी दोघी नात्यातल्या लग्नात पंगतीला वाढत होत्या. सगळ्या गावानं ऐकलं, गाणाऱ्यांनी नाही. बायकांच्या कौतुकाची वेळ नेमकी बायकांच्या कामाचीच का असते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

"अक्काला फोन करते," राजाबाई म्हणाल्या. "यंदा दोघी ऐकणार. ती तिकडं, मी इकडं. वाढू दे कोणाला वाढायचं ते."

त्रिंबकरावांचा जीव हलला. बायकोसाठी काहीतरी करावं असं त्यांना वाटलं, आणि घोटाळा तिथंच झाला. त्यांनी घरातल्या जुन्या रेडिओचा एरियल नेऊन सरळ मनोऱ्याला जोडला.

"असा आवाज यील की तू समोर बसून गायलीस."

रविवार उजाडला. राजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून रेडिओसमोर बसल्या. निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं, रेडिओनं एक घोट गिळल्यासारखा आवाज केला आणि तो गप्प झाला. एवढ्या जवळच्या केंद्राची एवढी ताकद मनोऱ्यानं ओढून त्या गरिबाच्या घशात ओतली होती. त्रिंबकरावांनी त्याला थोपटलं, हलवलं, उलटं केलं.

"तुम्ही नं," राजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या ओरडतात तेव्हा त्रिंबकराव घाबरत नाहीत. हळू बोलल्या की घाबरतात.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून नसीमआपांची हाक आली. "राजाबाई, ऊपर आओ जल्दी. तुम्हारी साडी गा रई."

दोघं जिना चढून वर गेले. साडी खरंच गात होती. म्हणजे तार गात होती. मनोऱ्यानं ओढलेली लहर तारेतून गंजलेल्या हुकात उतरत होती, आणि तार जिथं घासत होती तिथून बारीक, नाकातला, पण स्वच्छ आवाज येत होता. जात्याची घरघर आणि तिच्यावर दोन पोरींचे गळे. शेजारच्या गच्च्यांवर माणसं उभी राहिली. राजाबाई ओल्या साडीशेजारी कान लावून उभ्या होत्या. पहिला आवाज अक्काचा, ठसक्याचा. मागून येणारा दुसरा आवाज त्यांना ओळखू आला नाही. मग आला.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या. "एवढी बारीक होते व्हय मी."

त्रिंबकरावांना वाटलं, आता आपण सुटलो.

सुटले नव्हते. ओव्या संपतात न संपतात तोच केंद्राची गाडी दारात थांबली. उतरली ती सोनिया, केंद्राची इंजिनिअर, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हातात मोजणीचं यंत्र. ती गच्चीवर आली, मनोऱ्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं.

"काका, हे कधी उभं केलं? आमचे आकडे दोन दिवसांपासून बिघडलेत. तुमचा मनोरा आमची लहर पितो आणि परत भलतीकडं फेकतो. एवढ्या जवळ लोखंड उभं करायचं तर आधी आम्हाला विचारायचं असतं."

"मी विमानतळाला विचारलंय," त्रिंबकराव ताठ होऊन म्हणाले.

"विमान कुठं गातंय काका?"

राजाबाई पुढं झाल्या. "हे बघ पोरी, मनोरा हलायचा नाय. आमच्या मालकांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी कामाचं उभं केलंय. मी माझा आवाज ऐकला आज. तुझ्या यंत्राला म्हणावं, दम धर."

सोनिया काही बोलणार एवढ्यात राजाबाईंचा फोन वाजला. फुलंब्रीहून चतुराबाई.

"राजे, तू मला काय सांगितलं? सगळी आळी गोळा केली मी अंगणात. सुनंनं चहा केला समद्यांला. आन रेडिओत नुसती खरखर. बाया म्हणल्या, म्हातारी बाता मारती. मी तोंड घेऊन कुठं जाऊ आता?"

राजाबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि सोनियाकडं बघितलं.

"फुलंब्री कुठल्या बाजूला आहे?" सोनियानं विचारलं. त्रिंबकरावांनी बोट दाखवलं. बोटाच्या आणि केंद्राच्या बरोबर मधे बोअरचे पाइप उभे होते.

"तिकडंच आवाज कमी पडतोय," सोनिया म्हणाली. "ओव्यांचा दुसरा भाग पुढच्या रविवारी आहे मावशी."

"अहो," राजाबाई म्हणाल्या, "पाना कुठं हाय?"

"अगं पण आत्ताच म्हणालीस..."

"मघाशी मला अक्काचं ठावं होतं का? पाना द्या."

पाइप उतरवायला गल्लीतली माणसं लागली. त्रिंबकराव खाली उभे राहून एकेक पाइप घेत होते आणि लहानपणी मार खाल्ल्यावर दिसायचे तसे दिसत होते. सोनियाला दया आली असावी. जाता जाता ती म्हणाली, "काका, अजिंठा म्हणजे काही लांब नाही. त्याला उंची लागतच नाही. कठड्याला धरून एक साधी तार आडवी बांधा, आवाज वर जाऊन तिकडं बरोबर खाली उतरतो. तेवढ्याला आमची हरकत नाही. परीक्षेच्या अभ्यासात असतं ना हे."

(असतं. बन्सीला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं तुला उंचीची हौस हाय.")

पुढच्या रविवारी गच्चीवर मनोरा नव्हता आणि घरातला रेडिओ दुरुस्त होऊन आला होता. दुसरा भाग स्वच्छ लागला. ओव्या संपल्यावर चतुराबाईचा फोन आला, पण बोलता येईना, कारण अंगणातल्या सगळ्या बाया एकदम बोलत होत्या आणि अक्का त्यांना गप्प करत होती. तिच्या गप्प करण्यात जो रुबाब होता तो राजाबाईंनी बराच वेळ ऐकला. मग डोळे पदरानं पुसले.

संध्याकाळी त्रिंबकरावांनी आडव्या तारेला यंत्र जोडलं. आपलं सांकेतिक नाव त्यांनी तीनदा पुकारलं. खरखर झाली, आणि त्या खरखरीच्या मागून, फुलंब्रीच्या ओट्यावरून यावा तसा, बन्सीचा आवाज आला. पेटीतून. पेटीत माणूस होता.

काय बोलायचं ते त्रिंबकरावांनी जन्मभर मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबायच्या आत बन्सी म्हणाला, "त्रिंबक, आज वहिनींच्या ओव्या ऐकल्या. लई दिवसांनी अंगावर काटा आला. वहिनी हायेत का जवळ?"

राजाबाई शेजारीच होत्या. त्यांनी हात पुढं केला.

"परवाना माझा हाय," त्रिंबकराव म्हणाले. "तुला बोलता यायचं नाय. नियम हाय."

नियम या शब्दावर राजाबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. "बरं. मग मी सांगते ते तुम्ही सांगा."

आणि मग बन्सी विचारायचा, राजाबाई उत्तर द्यायच्या, त्रिंबकराव ते पुढं पोचवायचे. ती जीप, तो साहेब, अक्काचा ठसका, हाताला लागलेलं पीठ. बराच वेळ हे चाललं. एकदाच, अगदीच राहवलं नाही म्हणून, त्रिंबकरावांनी मधेच म्हटलं, "बन्सी, मी त्रिंबक बोलतोय..."

राजाबाईंनी त्यांच्या कोपराला टोचलं. "मी म्हणते तेवढंच सांगा. आपल्या मनाचं मधी घालू नका."