शिंदे सर आणि काकूंची बेल

शिंदे सरांना लग्नाचं आमंत्रण खुशाल द्या, फक्त चमचे त्यांच्यापासून लांब ठेवा. करमाडला माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी जेवता जेवता चमचा मागं-पुढं वाकवत वाकवत टक्कन मोडला. मग खिशातून भिंग काढून मोडलेली कड न्याहाळत बसले. नवरीकडची मंडळी भात वाढायची थांबून बघत राहिली. सर खूश! "दाणा बघा, दाणा! धातू आतून बारीक दाण्यांचाच बनलेला असतो, सगळं त्या दाण्यात असतं. वरची चकाकी काय चाटायची?"

सर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्म पाचोडचा, शेतकऱ्याच्या घरातला. उभी हयात इंजिनीअरिंगच्या पोरांना धातू शिकवण्यात गेली. रिटायर झाले आणि मग तावडीत आम्ही सापडलो.

माझा नळ तुटला तेव्हा दुसरा कुणी 'अरेरे' म्हणाला असता. सर म्हणाले, "वा!" भिंग लावून निकालही दिला, "ओतल्यावर लई सावकाश थंड झालाय. दाणे मोठे झाले, म्हणून जोर गेला."

"बरं, आता बसवून द्या."

"ते मला नाय येत."

घ्या! का तुटलं ते सांगणार, जोडणार मात्र नाहीत. मी बादली लावून प्लंबरची वाट बघत बसले.

गेल्या वर्षी सरांच्या बायकोला, शांताकाकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा आधीच संधिवातानं आखडलेला. बाजारातल्या बेलचं बटण त्यांना दबेना. एकदा सर गॅलरीत आणि काकू आत तहानेनं कासावीस, हाक मारायची सोय नाही. तेव्हापासून सरांनी हायच खाल्ली.

आयुष्यात पहिल्यांदा माणूस काहीतरी जोडायला बसला. पलंगाला तांब्याची पातळ पट्टी लावली. नुसतं बोट टेकलं की ती खाली दबणार आणि बेल वाजणार. पण सरच ते! वीज कशी झुळझुळ वाहिली पाहिजे म्हणून पट्टी आधी गॅसवर लालबुंद भाजली. काकूंनी दाबली, बेल वाजली आणि वाजतच राहिली! मऊ पडलेलं तांबं दबलं ते उठेचना. सगळी बिल्डिंग धावत वर. काकू वाकड्या ओठांनी हसताहेत आणि सर कपाळावर हात मारताहेत, "पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हो! भाजलं की दाणे निवांत होतात. वीज मजेत जाते, पण परत उठायचा जोर संपतो."

"मग आता?"

"कांस्याची पट्टी. लाटून लाटून कडक केलेली. वीज जरा अडखळंल, अडखळू दे. कागदासारखी पातळ केली की हिच्या बोटाला दबंल, अन् सोडली की उठंल."

ती पट्टी जमली. वाजली आणि थांबली. सरांनी त्या आनंदात एक वायर खाली सोडून माझ्या स्वयंपाकघरातही बेल लावली, मला न विचारता.

परवा दुपारी ते माझ्याकडे चहाला आले. कॉम्प्युटरच्या चिपला सिलिकॉनचा अख्खा तुकडा एकाच दाण्याचा कसा लागतो, जोड आला की वीज कशी अडते, हे सांगता सांगता त्यांनी भिंतीवरच्या बेलकडे बघितलं.

"बराच वेळ वाजली नाय."

"झोपल्या असतील, सर."

"पट्टी बिघडली असंल." कप तसाच टाकून निघाले. मलाही धसका बसला, मी मागोमाग गेले.

काकू शांतपणे खिडकीबाहेर बघत पडल्या होत्या.

"पट्टी बघायला आलो," सर म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि बोट टेकवलं. बेल खणखणीत वाजली.

"काय पाहिजे गं?"

काकूंनी त्याच बोटानं पलंगाची कड दाखवली. सर बसले. पट्टी बघायचं राहूनच गेलं.

"मला करमत नाय खाली," ते खालमानेनं म्हणाले.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूंना तर बोलता येत नाही. त्यांनी पुन्हा एकदा बेल वाजवली.